भिंत न फोडता नवे बटण

घरातल्या दिव्याचे बटण एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे, तर खर्च बटणाचा नसतो, भिंतीचा असतो. बटण शंभर रुपयांच्या आत मिळते. पण तिथवर वायर न्यायला भिंतीत खाचा पाडायच्या, पाइप बसवायचा, वर प्लास्टर करायचे आणि मग रंग द्यायचा. एका भिंतीला रंग लागला की उरलेल्या तीन मळकट दिसू लागतात, ते वेगळेच. अंबरनाथच्या मोरिवलीसारख्या, औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या वस्तीत भाड्याने राहणाऱ्याला हा मार्ग बहुधा बंदच असतो, कारण भिंत घरमालकाची. पार्टिशन घालून एका खोलीच्या दोन झाल्या, तरी बोर्ड जिथे होता तिथेच, दाराशी राहतो.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे बिनतारी बटण. यातही दिव्याला वीज तारेनेच मिळते. बिनतारी असतो तो फक्त हुकूम. नेहमीच्या बटणात बोट आणि वीज एकाच ठिकाणी येतात; इथे त्यांची फारकत होते. पलंगाशेजारी चिकटवलेले बटण रेडिओलहरीने संकेत पाठवते, आणि दिव्याजवळ बसवलेल्या काडेपेटीएवढ्या रिसीव्हरमधला रिले वीज जोडतो किंवा तोडतो. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. तत्त्व तेच. आज ते काही शे रुपयांत मिळते, एवढाच फरक.

रिसीव्हर कुठे बसवायचा, हा यातला खरा प्रश्न. रिसीव्हरला स्वतःला चालायला वीज लागते, म्हणजे फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा हव्यात. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये बटणापर्यंत फक्त फेज येते. बटणातून पुढे दिव्याकडे जाणाऱ्या तारेला वायरमन ‘हाफ’ म्हणतात. न्यूट्रल परस्पर दिव्याकडे गेलेली असते. बोर्डावर पाच अँपिअरचे सॉकेट असेल, तर त्याच्यासाठी न्यूट्रल तिथवर आलेली असते आणि काम सोपे होते. एकटेच बटण असेल, तर बोर्डामागे ती सापडत नाही. न्यूट्रलशिवाय चालणारे रिसीव्हरही मिळतात. पण ते दिव्यातूनच थोडा प्रवाह सतत वाहू देतात. जुन्या साठ वॉटच्या बल्बला त्याचा पत्ताही लागला नसता. नऊ वॉटचा एलईडी मात्र तेवढ्यानेही बंद असताना मिणमिणतो किंवा लुकलुकतो.

म्हणून बहुतेक घरांत योग्य जागा म्हणजे दिवाच. तिथे दोन्ही तारा आधीच आलेल्या असतात. ट्यूबच्या पट्टीत किंवा छतावरच्या गोल बॉक्समध्ये रिसीव्हर मावतो. दोन पिनांच्या होल्डरमध्ये अडकवायचा आणि त्यातच बल्ब बसवायचा, असा रिमोटचा होल्डरही मिळतो. त्याला तर तारेला हातही लावावा लागत नाही आणि घर सोडताना तो काढून नेता येतो. भाडेकरूसाठी याहून सोयीचे काही नाही. अट एकच: भिंतीवरचे जुने बटण कायम चालू ठेवायचे. खोलीबाहेर पडताना बटण बंद करण्याची घरातल्या वडीलधाऱ्यांची सवय चांगलीच, पण इथे ती आड येते. त्यांनी बटण बंद केले की रिमोट दाबून काही होत नाही.

स्वस्त संच बहुधा 433 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात या पट्ट्यात घरातल्या वापरासाठी कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही. लहरीची लांबी सुमारे 69 सेंटिमीटर असल्यामुळे विटेची भिंत ती सहज ओलांडते. पत्र्यापुढे मात्र तिचे चालत नाही. जुन्या संचांत संकेताचे जेमतेम 6,561 प्रकार असत, त्यामुळे चाळीत एकाच्या रिमोटवर शेजारच्याचा दिवा लागण्याची शक्यता होती. आताच्या साध्या चिपमध्येही दहा लाखांहून जास्त प्रकार असतात, आणि रिसीव्हर आपला रिमोट ‘शिकून’ घेतो.

वायफायवर चालणारे रिसीव्हर स्वस्त झाले ते 2014 च्या सुमारास शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चिप आल्यावर. मोबाइलवरून, ठरलेल्या वेळी दिवा लावता येतो, ही त्यांची जमेची बाजू. राउटर बंद पडला किंवा इंटरनेट गेले की त्यांतले काही हतबल होतात. म्हणून भिंतीवरचे बटणही जोडता येईल असाच प्रकार घ्यावा. तिसरा प्रकार सेलशिवाय चालणाऱ्या बटणांचा. बटण दाबताना आतले चुंबक वेटोळ्याजवळून सरकते आणि संकेतापुरती वीज तिथल्या तिथे तयार होते. सीमेन्समधून 2001 मध्ये वेगळ्या झालेल्या एन्ओशन या जर्मन कंपनीने हे तंत्र रुळवले.

रिसीव्हरवर दहा अँपिअर लिहिलेले असले, तरी त्यावर गिझर लावू नये. 230 व्होल्टला दोन हजार वॉटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर घेतो, आणि स्वस्त रिले तेवढ्या भाराखाली रोज तापून लवकर जळतो. रिले तोडणार ती तार फेजच असावी; न्यूट्रल तोडली, तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहते. जोडणीपूर्वी मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतलेले बरे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर उघडा रिसीव्हर नको, त्याला बंद डबी हवी. रिसीव्हर थांबलेला असतानाही थोडी वीज खातो: एक वॉट धरला, तर वर्षाला पावणेनऊ युनिट.

खरेदी करताना आणखी एक विचारावे. गेलेली वीज परत आल्यावर हा रिसीव्हर दिवा बंद ठेवतो की आपोआप लावतो? काही स्वस्त संच लावतात, आणि रात्री दोन वाजता वीज आली की घरातले सगळे दिवे एकदम उजळतात.