साखरेच्या भांड्यावरची अक्षरं
(चांदूर रेल्वे येथील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माझा धंदा कपबशांचा. बोलायला सांगितलं तर मी भांड्यांवरच बोलणार.

इंग्लंडात जोसाया वेजवुड नावाचा चिनीमातीचा नामांकित कारखानदार होता. १७८७ साली त्यानं एक लहानसं पदक काढलं. पांढऱ्यावर काळा, साखळदंडातला गुलाम, आणि भोवती अक्षरं : ‘मी माणूस नाही का? तुमचा भाऊ नाही का?’ ही पदकं त्यानं फुकट वाटली. पुरुषांनी ती तपकिरीच्या डब्यांवर बसवली, बायकांनी बांगड्यांत आणि केसांच्या पिनांत. तो गुलाम गुडघे टेकून हात जोडतो, हे मला खटकतं. हक्काला हात कशाला जोडायचे? पण मतदानाचा अधिकार नसलेल्या बायकांनी तो प्रश्न घरोघर नेला, हेही खरं.

पुढं साखरेची भांडी निघाली. वेस्ट इंडीजचा ऊस गुलामांच्या कष्टाचा. म्हणून भांड्यावर छापलेलं असे, ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली. म्हणजे आपल्याकडची! ऐकून बरं वाटतं ना? पण १८३३ साली ब्रिटिश वसाहतींतली गुलामी बंद करणारा कायदा झाला, त्यातून कंपनीचा मुलूख वगळला होता. आपल्याकडे कायदा आला १८४३ साली. वेठबिगारीविरुद्धचा तर थेट १९७६ साली.

आता आपल्या जिल्ह्याचं सांगतो. मेळघाटातली कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात, कित्येकदा उचल घेऊन. उचल फिटेपर्यंत जागा सोडायची नाही, अशी अट कुणी घातली तर ती वेठबिगारीच. १९७६ च्या कायद्यानं असं कर्ज रद्द होतं, तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

मी घर बांधलं तेव्हा एका भट्टीवर विटांचा भाव करत होतो. एक कोरकू बाई तापलेलं पोर घेऊन मालकाकडं गावी जायला परवानगी मागत होती. “आधी उचल फेड,” तो म्हणाला. मी हजारी शंभर रुपये कमी करून घेतले आणि घरी आलो.

यंदा वरचा मजला काढला. त्याच मालकाला म्हटलं, मजुरांच्या हिशेबाची वही दाखवा. त्यानं दाखवली नाही. दुसऱ्यानं दाखवली. विटा महाग पडल्या. त्या वहीत एका नावापुढं उचल फिटल्याची नोंद होती, आणि तो माणूस होळीला गावी गेला होता.