हिरवा, निळा, काळा : बर्फावरच्या खुणा आणि आपला भूगोल
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले आम्हाला दिसले. इंदूरच्या माणसाला बर्फावरून घसरण्याशी काय देणेघेणे? पण आज आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुले-नातवंडे म्युनिकला, डेन्व्हरला नाहीतर टोरांटोला आहेत. हिवाळ्याच्या सुट्टीत ती स्कीइंगला जातात. तेव्हा हा विषय आता घरचाच झाला आहे.

आधी आपल्या भूगोलातल्या फटी पाहू. आल्प्स म्हटले की आपल्याला स्वित्झर्लंडच आठवते. हिंदी चित्रपटांची ती कृपा. प्रत्यक्षात ही रांग फ्रान्स, मोनॅको, इटली, स्वित्झर्लंड, लिश्टनस्टाइन, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया अशा आठ देशांत पसरली आहे. ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया यांची गल्लत तर नेहमीचीच. बर्फ दोन्हीकडे पडतो, पण ऑस्ट्रेलियात स्कीइंगचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. जॉर्जिया नावाचे अमेरिकेत राज्य आहे आणि कॉकेशसमध्ये देश. गुडौरीचे स्कीइंग दुसऱ्या जॉर्जियात. ‘इंदूर म्हणजे यूपीतच ना?’ असे कुणी विचारले तर आपल्याला राग येतो. तोच न्याय इतरांच्या गावांनाही लावायला हवा.

आता खुणांकडे वळू. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. अमेरिकेतल्या डोंगरावर हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा उतार, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड आणि दोन काळे हिरे म्हणजे फक्त निष्णातांसाठी. युरोपात आकार नाहीत, रंगच बोलतात. ऑस्ट्रियात सोप्याला निळा, मध्यमाला लाल, अवघडाला काळा. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा येतो.

घोटाळा इथेच होतो. ऑस्ट्रियात ‘निळा म्हणजे सर्वांत सोपा’ असे शिकलेली मुलगी कोलोरॅडोत निळ्या चौकोनावर गेली, तर ती मध्यम उतारावर उभी असते. रंग तोच, अर्थ एक पायरी वर. शिवाय अमेरिकेत ही प्रतवारी त्या-त्या डोंगरापुरती असते. एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणच्या काळ्याइतका उभा असू शकतो. म्हणून नव्या जागी पहिली फेरी नेहमी सर्वांत सोप्या उतारावर घ्यावी.

उताराचा आकडाही नीट समजून घ्यावा. ४० टक्के उतार म्हणजे ४० अंश नव्हे. आडवे १०० मीटर गेल्यावर ४० मीटर खाली, म्हणजे सुमारे २२ अंश. शंभर टक्के म्हणजे ४५ अंश. भिंतीसारखा उभा कडा नव्हे.

फ्रान्समधली एक सोय लक्षात ठेवण्याजोगी आहे. उताराच्या कडेच्या खांबांवर क्रमांक असतात आणि खाली येताना ते कमी होत जातात. धुक्यात वाट हरवली किंवा कुणी पडले, तर मदत मागताना उताराचे नाव आणि खांबाचा क्रमांक सांगता येतो.

सर्वांत महत्त्वाची खूण हिमस्खलनाची. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. पाचपैकी तीन म्हटले की आपल्याला ‘बेताचाच धोका’ वाटतो. पण तिसरी पातळी चांगलीच धोक्याची असते. आखलेल्या उताराबाहेर गेलेल्यांचे कितीतरी जीवघेणे अपघात याच पातळीला झाले आहेत. आपल्या गुलमर्गलाही हे लागू आहे. तिथला गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवतवर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो, म्हणजे पचमढीच्या धूपगडाच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर. तिथला बराचसा बर्फ यंत्राने दाबलेला नसतो. दोर लावून वाट बंद केली असेल, तर तो दोर ओलांडायचा नाही. मग पुढे कितीही पावलांचे ठसे दिसोत.

मुले निघताना आपण ‘जपून जा’ म्हणतो. यापुढे तीन प्रश्नही विचारू या. कोणत्या देशातल्या कोणत्या डोंगरावर चाललात? तिथल्या नकाशाच्या कोपऱ्यातली खुणांची सूची वाचली का? आजची हिमस्खलनाची पातळी किती? उत्तरे समजण्यासाठी आपल्यालाही नकाशा उघडावा लागेल. विद्येच्या देवतेसमोर बसून एवढा अभ्यास आपण नक्कीच करू शकतो.

गणपती बाप्पा मोरया!