करपलेले भांडे

दूध, भात किंवा भाजी भांड्याच्या बुडाला लागते तेव्हा तिथे एकच एक डाग पडत नाही. वरचा थर तपकिरी आणि चिवट असतो. त्यात अर्धवट जळालेली साखर, पिष्ट, प्रथिने आणि तेल असते. त्याच्या खाली, धातूला अगदी लगटून, काळी खरप बसते. ती मुख्यतः कार्बनची. कार्बन पाण्यात विरघळत नाही, साबणात नाही आणि लिंबातही नाही. त्यामुळे खरप विरघळवायची नसते, तिची पकड सोडवायची असते. पकड कशाने सुटेल, ते काय जळले आणि कोणत्या धातूवर जळले यावर ठरते. हे न पाहता तारेची घासणी हाती घेतली की खरप निम्मी राहते आणि भांड्यावर ओरखडे तेवढे वाढतात.

मुंबईच्या उपनगरांतल्या घरांत सर्वात जास्त करपते ते दूध. गोरेगावला १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत उभी राहिली. पुढे पाश्चरीकरण केलेले दूध घरोघर येऊ लागले, तरी ते आणले की उकळायचे ही रीत सुटली नाही. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांतले सुटे दूध तर उकळावेच लागते. डेअरीत दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापते, पण ते सतत वाहते असते. घरच्या टोपात ते एका जागी उभे असते. सुमारे ७० अंशांच्या पुढे दुधातली काही प्रथिने आपली घडी बदलून बुडाला चिकटू लागतात. त्यांच्यात दुधाची साखर अडकते आणि हा थर खालच्या आचेवर भाजत जातो. म्हशीच्या दाट दुधात हे आणखी लवकर होते. स्टीलच्या पातळ टोपात तर ज्वालेच्या मापाचे काळे कडेच उमटते, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या सुमारे १५ पट चांगली उष्णता वाहते. स्टीलमध्ये आच पसरत नाही, जिथे लागते तिथेच साचते. दूध ओतण्याआधी टोप पाण्याने विसळून बुडाशी थोडे पाणी ठेवण्याची जुनी सवय याच कारणाने उपयोगी पडते.

दूध लागल्याचा वास आला की वरचे दूध न ढवळता दुसऱ्या भांड्यात काढावे. ढवळले तर करपट वास सगळ्या दुधात उतरतो. तापलेल्या रिकाम्या टोपात लगेच गार पाणी ओतू नये, पातळ बूड त्याने फुगते. हात लावता येईल इतका टोप निवला की खरपेच्या दोन बोटे वर येईल इतके पाणी घालावे, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे खायचा सोडा टाकावा आणि मंद आचेवर १० ते १५ मिनिटे उकळावे. उकळताना खायच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा होऊ लागतो. तो जास्त तीव्र अल्कली असल्याने दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश मोकळे करतो. मग तासभर तसेच ठेवून लाकडी उलथण्याची कड बुडावरून फिरवली की खरप पापुद्र्यासारखी सुटून येते. राहिलेल्या ठिपक्यांवर सोड्याचा ओलसर लेप देऊन काथ्याने घासावे. टोपावर उरलेली निळसर-सोनेरी झाक म्हणजे जळकेपणा नव्हे. तापल्याने स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर जाड होतो, त्याचा तो रंग असतो आणि व्हिनेगरच्या फडक्याने जातो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा उपाय सध्या फार सांगितला जातो. फेस भरपूर येतो, म्हणून तो खराही वाटतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि मागे उरते खारट पाणी. दोन्ही वापरायचेच असतील तर आधी एक, मग भांडे धुऊन दुसरे.

भाताला सोड्याची गरज क्वचितच लागते. पिष्ट पाण्याने फुगते, म्हणून रात्रभर भिजत घातले की खरड निघते. तपकिरी झालेला पाक नुसत्या गरम पाण्याने सुटतो. कढईच्या बाहेरचा पिवळट-तपकिरी चिकटा हे मात्र वेगळे प्रकरण. तेल वारंवार तापून वॉर्निशसारखे घट्ट झालेले असते. स्टीलच्या कढईवर धुण्याच्या सोड्याचे कडकडीत पाणी त्याला पुरते. हातमोजे घालावेत.

अ‍ॅल्युमिनियमला सोड्याचा हा नियम उलटा लागतो. सोडा त्याच्यावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर खातो आणि भांडे आणखी काळवंडते. इथे आंबट पदार्थ हवेत: चिंच, रस काढून उरलेली लिंबाची साले, सार केल्यावर उरलेली आमसुले. ही पाण्यात घालून भांडे १५ मिनिटे उकळले की आतला काळेपणा उतरतो. कुकरच्या तळाच्या पाण्यात चिंचेचे बुटूक टाकण्याची घरोघरची पद्धत त्याच रसायनावर चालते. पाणी आटून कुकर करपला असेल तर घासण्यापेक्षा तपासणी महत्त्वाची. शिटीच्या नळीत अडकलेले डाळीचे कण काढावेत, कडक झालेले रबर बदलावे. वितळलेला सेफ्टी व्हॉल्व्ह पुन्हा वापरू नये.

लोखंडी कढई आणि बिडाचा तवा भिजत घालू नये. पावसाळ्यात बोरिवली-अंधेरीच्या दमट हवेत रात्रीतून गंज चढतो. जाडे मीठ आणि थोडे तेल घेऊन फडक्याने घासावे, धुऊन लगेच गॅसवर सुकवावे आणि तेलाचा हात फिरवावा. कल्हईच्या पितळी पातेल्यात घासणी नकोच. कल्हई म्हणजे कथिल आणि ते २३२ अंशांना वितळते, म्हणजे रिकामे पातेले आचेवर विसरले तरी कल्हई जाते. उघड्या पितळेवर ताक किंवा आमटी कळकते. नॉनस्टिकला फक्त कोमट पाणी, साबण आणि मऊ स्पंज. त्याचा लेप साधारण २६० अंशांपुढे बिघडू लागतो आणि जास्त तापला तर विषारी धूर सोडतो.

फरशीचे अ‍ॅसिड भांड्यांवर वापरू नये. स्टीलला त्याने बारीक खड्डे पडतात. त्यात ब्लीच मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

काही भांडी मात्र घासत बसण्यात अर्थ नसतो. बूड फुगलेला टोप शेगडीवर सपाट बसत नाही, दर वेळी त्याच जागी करपतो आणि गॅसही जास्त खातो. लेप उडालेला तवाही त्यातलाच. स्टील, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमची अशी भांडी दुकानदार मोडीत वजनावर घेतो. नॉनस्टिक तो सहसा घेत नाही, ते भंगारवाल्याकडे जाते.