भरताला सांगितलेलं गाणं

शाळेत असताना वर्गाच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिलेला असायचा. दहा वर्षांत शेकड्यांनी झाले असतील, आणि खोटा त्यात एकही नसेल. पण आज मला त्यातला एक आठवत नाही. उलट अब्बांच्या शिलाईच्या दुकानात, मशीनच्या खडखडाटात अर्धीमुर्धी ऐकलेली गाणी पन्नाशी उलटली तरी पाठ आहेत. सत्य फळ्यावरही होतं, गाण्यातही होतं. मग एक पुसलं गेलं आणि दुसरं राहिलं, ते का?

यासाठी मी एकच गाणं घेतो. ग. दि. माडगूळकरांचं 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ या दिवशी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. वर्षभरात ५६ गीतं झाली. संगीत सुधीर फडके यांचं. माझा जन्म त्यानंतरचा, पण चैत्र आला की रेडिओवर ती गीतं लागत आणि अब्बा मशीनचा पाय थांबवत. त्यातलं चित्रकूटावरचं गाणं, राम भरताची समजूत घालतो ते, आपणा सर्वांना ठाऊक आहे.

लोक ते मरणाचं गाणं समजतात. कुणी गेलं की त्यातल्या ओळी श्रद्धांजलीच्या जाहिरातीत छापतात. छापोत बापडे. पण रामाला तिथं मुख्यतः काय सांगायचं आहे? भरत आईवर संतापून आलेला आहे आणि स्वतःलाही अपराधी समजतो आहे. राम त्याला म्हणतो, यात आईचा दोष नाही, वडिलांचा नाही, तुझाही नाही. माडगूळकरांनी हे अगदी आरंभीच, ध्रुवपदात ठेवलं आहे. माणूस परस्वाधीन आहे हे तत्त्वज्ञान त्या क्षमेच्या आधाराला येतं. आणि बोलणारा कोण? वडील गेल्याची बातमी ज्याला याच भेटीत, भरताच्याच तोंडून कळली, असा मुलगा. म्हणून ते ऐकवतं. मधूनमधून राम धाकट्याला मायेनं हाक मारतो, त्या हाका काढून टाकल्या तर उरेल तो फळ्यावरचा सुविचार.

समुद्रात वाहत येऊन भेटणाऱ्या आणि पुन्हा दुरावणाऱ्या दोन लाकडांची उपमा मूळची वाल्मीकींची. तिथं काही काळ गेला की ती दूर होतात. माडगूळकरांनी मध्ये लाट आणली. आम्ही कोकणातले. पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं सरपणासाठी गोळा करत आमचं बालपण गेलं. एका लाटेसरशी काय होतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये अब्बांच्या छातीत रात्री दुखू लागलं. मी नोकरीच्या गावी होतो. धाकटा भाऊ घरी. पाऊस कोसळत होता, खाडीवरची होडी बंद होती, सडकेनं तालुक्याला जायचं तर मोठा वळसा. दुखणं मध्ये जरा थांबलं, तेव्हा भाऊ म्हणाला, उजाडल्यावर नेऊ. पहाटेच्या अजानआधी अब्बा गेले.

तिसऱ्या दिवशी जियारत झाली. आल्यागेल्यानं भावाला सांगितलं, अल्लाची मर्जी, वेळ भरली होती. त्यानं मान वर केली नाही. आपा एकदाच बोलली होती, "रात्रीच नेलं असतंस तर?" ते तिच्याही मनाला लागलं असणार, पण शब्द परत घेता येत नाही. मी कवी म्हणवणारा. मलाही काही सुचेना.

रात्री दुकानाच्या पायरीवर आम्ही दोघंच बसलो होतो. मी त्याला म्हटलं, अब्बा मशीन थांबवून ते चित्रकूटाचं गाणं ऐकायचे, आठवतं? मला गाता येत नाही. मी नुसतं साध्या बोलीत त्याला सांगत गेलो, की भरत कसा आला, रामानं त्याला जवळ कसं घेतलं, काय म्हणाला. त्यातलं पूर्वसंचित माझ्या श्रद्धेत बसत नाही. आम्ही तकदीर म्हणतो, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या रात्री तो फरक मी बाजूला ठेवला. दोष तुझा नाही, एवढंच मला पोचवायचं होतं, आणि माझ्या स्वतःच्या तोंडून ते निघत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आपाचा प्रश्न होताच. सांगता सांगता तो कुठं गेला, कळलं नाही.

भाऊ बराच वेळ रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "भाई, भरताला पटलं का रे ते?"

मी म्हटलं, "पटलं असं नाही. पण परत गेला. पादुका घेऊन."

पुढच्या सोमवारी त्यानं दुकान उघडलं.