आयात तेलाची खरी किंमत



परदेशातून आणलेल्या तेलाची किंमत किती, असे कोणी विचारले की आपण आयातीच्या देयकाकडे बोट दाखवितो. पिंपाचा भाव, पिंपांची संख्या आणि डॉलरचा दर यांचा गुणाकार केला की उत्तर मिळाले, असे आपणांस वाटते. माझे म्हणणे असे की, हा गुणाकार बरोबर असूनही उत्तर अपुरे आहे. तेलाच्या किमतीचा बराच भाग देयकात लिहिलेलाच नसतो. तो देशाला अन्यत्र, आणि बहुधा उशिराने, चुकवावा लागतो.

१९७३ चे उदाहरण घेऊ. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरांच्या वर गेला. वस्तू इतकी महागली तर सामान्य गृहस्थ ती घेणे कमी करतो. राष्ट्राला ते सहजासहजी साधत नाही. मालमोटारी, शेतावरील पंप, खतांचे कारखाने, खेड्यांतील रॉकेलचे दिवे हे सारे आठवड्याभरात बदलता येत नाही. म्हणून तेलाची खरेदी फारशी घटत नाही. घटते ते दुसरेच काही. निर्यातीतून मिळविलेले परकीय चलन तेलाकडे वळले की यंत्रसामग्री, धान्य आणि खते यांच्यासाठी ते तितके कमी उरते. १९७२ च्या दुष्काळातून शेती पुरती सावरली नव्हती, तोच खतही महागले. तेलाच्या हिशेबात या हानीची नोंद कोठेच सापडत नाही.

दुसरा प्रसंग १९९० चा. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत व्यापले आणि तेल कडाडले. त्याच वेळी आखातात नोकरी करणारे दीड लाखाहून अधिक भारतीय मायदेशी परतले व त्यांच्याकडून घरी येणारा पैसा थांबला. ज्या प्रदेशावर आपण तेलासाठी विसंबून होतो, तोच आपल्या चलनाचाही एक झरा होता. एकाच तडाख्याने खर्च वाढला आणि मिळकत घटली. सरकारी तूट व अल्प मुदतीची परदेशी कर्जे ही दुखणी आधीचीच होती, हे विसरून चालणार नाही. तेलाने त्यांवर शेवटचा घाव घातला. १९९१ च्या मध्यास दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले. रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले, रुपयाचे अवमूल्यन झाले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी स्वीकाराव्या लागल्या. त्यांतील काही धोरणे इष्टच होती, असे अनेकांचे मत आहे. परंतु इष्ट निर्णय आपल्या सवडीने घेणे आणि सावकाराच्या दारात उभे राहून घेणे यांत अंतर आहे. ते अंतर हीच परावलंबनाची किंमत होय.

मग देशातच तेल शोधले की प्रश्न सुटेल काय? १९७४ मध्ये ‘बॉम्बे हाय’ येथे समुद्रतळाखाली तेल सापडले, १९७६ मध्ये ते निघू लागले, आणि पुढील दशकाच्या मध्यास देशाची निम्म्याहून अधिक गरज स्वदेशी तेलाने भागत होती. पुढे उत्पादन थबकले. मागणी मात्र थांबली नाही. आज ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयात तेलावर भागते. विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथील भूमिगत राखीव साठ्यांत सुमारे ५३ लाख टन तेल मावते. ते काठोकाठ भरले तरी देशाला दहा दिवसही पुरणार नाही.

म्हणून विजेवर धावणारी रेल्वे, सौर पंप किंवा तेलाचे राखीव साठे यांवरील खर्च केवळ आजच्या तेलाच्या भावाशी ताडून पाहू नये. तेल स्वस्त असते तेव्हा असा खर्च उधळपट्टी वाटतो. ते महागते तेव्हा खर्च करण्यास पैसा उरत नाही. आपल्या हिशेबाच्या वहीत आणखी एक रकाना हवा: अडचणीच्या दिवशी आपला निर्णय आपणच घेता येण्याचे मोल. ते आकड्यांत मांडणे कठीण आहे हे खरे. पण तेवढ्यासाठी ते शून्य धरणे योग्य नव्हे.