पंपिंग कमी झालेल्या माणसाने चालावे का?

(हजीरा येथे वसंत व्याख्यानमालेत मराठी श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



तिकडे सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोलीत धुळे-जळगाव-नंदुरबारहून आलेली हजारो घरे आहेत. इकडे हजिऱ्यात पोलादाच्या, खताच्या, गॅसच्या कारखान्यांत अनेकांची हयात गेली. यातल्या कितीतरी घरांत आज कपाटात एक फाइल असते. टूडी इकोचा कागद, त्यावर हृदयाचे पंपिंग तीस-पस्तीस टक्के, खाली पाच-सहा गोळ्या, आणि निघताना तोंडी सांगितलेले, ‘जपून राहा.’ घरचे ते जिवापाड पाळतात. पाण्याचा तांब्या जागेवर येतो, भाजीची पिशवी मुलगा उचलू देत नाही. सहा महिन्यांनी त्याच माणसाला न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागते आणि सगळ्यांना वाटते, हृदय आणखी खचले. तसेही असू शकते, ते तपासायलाच हवे. पण पुन्हा इको काढल्यावर पंपिंग होते तेवढेच निघते, असेही पुष्कळदा घडते. मग खालावले काय? पाय.

1966 साली अमेरिकेत डलास इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले होते. उठल्यावर त्यांची श्रम करण्याची ताकद इतकी उतरली होती की तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हाही त्यातला कुणी त्या तीन आठवड्यांनंतर होता तितका अशक्त नव्हता. निरोगी पोरांची ही गत, तर साठीतल्या हृदयरुग्णाला आपण प्रेमापोटी काय करून ठेवतो, याचा विचार करा.

काम न मिळालेला स्नायू बारीक होतो, त्यातल्या केशवाहिन्या विरळ होतात, थोड्या श्रमातच त्यात आम्ल साठते. असा स्नायू मेंदूला संदेश पाठवतो, श्वास वाढव. म्हणजे दम छातीत जाणवतो, पण त्याचा बराचसा उगम मांडीत आणि पोटरीत असतो. 1990 मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू कोट्स आणि सहकाऱ्यांनी अकरा हृदयरुग्णांना आठ आठवडे घरीच जागेवरची सायकल चालवायला लावली आणि आठ आठवडे विश्रांती दिली. सायकलच्या आठवड्यांनंतर त्यांची ताकद वाढलेली आणि धाप कमी झालेली होती. तोवर अशा रुग्णांना व्यायाम म्हणजे घात, असेच वैद्यकाचे मत होते.

मोठी परीक्षा झाली ती 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एचएफ-अ‍ॅक्शन या चाचणीत. पस्तीस टक्के किंवा त्याहून कमी पंपिंगचे 2331 रुग्ण त्यात होते. व्यायामाने मृत्यू आणि इस्पितळात भरती होणे फार कमी झाले नाही. फरक होता, पण माफक. हे मी झाकून ठेवणार नाही. मात्र व्यायामाने धोका वाढला नाही आणि रोजचे जगणे सुसह्य झाले, हेही तिथेच दिसले. शिवाय नेमून दिलेला व्यायाम पुष्कळांनी पुरता केलाच नव्हता. अर्धी गोळी घेऊन औषधाला दोष कसा द्यायचा?

आपल्याकडे व्यायामाची निकड जास्त आहे. 2013 साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यात हार्ट फेल्युअरने, म्हणजे हृदय थकल्याने, भरती झालेल्या 1205 रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचे सरासरी वय एकसष्टच्या आसपास होते आणि वर्षभरात दहातले तिघे गेले. अँजिओप्लास्टीसाठी आपण दागिने गहाण टाकतो; त्यानंतरच्या चालण्यासाठी आठवड्याचा एक तास कुणी ठेवत नाही.

सुरुवात कशी होते ते सांगतो. तीस मीटरचा सपाट व्हरांडा, दोन टोकांना खुणा, मध्ये एक खुर्ची. रुग्णाने सहा मिनिटे आपल्या चालीने फेऱ्या मारायच्या. थांबावेसे वाटले तर थांबायचे, घड्याळ मात्र चालू. शेजारी नाडी, बीपी, बोटाला लावलेले ऑक्सिजनचे यंत्र. शेवटी किती मीटर झाले ते लिहायचे. पहिल्यांदा अडीचशे मीटरवर टेकलेला माणूस पुढच्या खेपेला खुर्चीकडे न बघता वळतो, तेव्हा त्याच्या बायकोचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग मात्रा. आधी पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला थोडी वाढ. हळूहळू अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. नाडी मोजून अंदाज बांधू नका, कारण बीटा ब्लॉकरची गोळी तिला फारशी वाढू देत नाही. जोडीला खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, श्वास न रोखता. एकदम थांबू नये, शेवटची पाच मिनिटे चाल मंद करावी.

आणि कधी अजिबात नाही? बसल्या जागी धाप असेल, छातीत दुखत असेल, ताप असेल, चक्कर येत असेल, किंवा तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले असेल तर. ते वजन म्हणजे अंगात साचलेले पाणी. तेव्हा बूट काढून डॉक्टर गाठायचा. म्हणून वजनकाटा घरात हवा आणि रोज सकाळी त्यावर उभे राहायला हवे. झडपेचा मोठा दोष असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

हजिऱ्याचा दमट उकाडा वेगळाच. खाडीच्या हवेत घाम वाळत नाही, त्यात लघवीची गोळी. बीपी पडायला वेळ लागत नाही. एप्रिल-मेमध्ये उजाडताच चाला, नाहीतर इमारतीच्या व्हरांड्यात. रात्रपाळी करून आल्या आल्या नको.

धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्याला कायद्याने वैद्यकीय केंद्र ठेवावे लागते. इथे डॉक्टर आहेत, रुग्णवाहिका आहे, लांब व्हरांडेही आहेत. व्यवस्थापनाला आणि कामगार संघटनांना माझी मागणी आहे. आठवड्यातून दोन सकाळी, ऊन चढण्याआधी, एक फिजिओथेरपिस्ट बसवा आणि निवृत्त कामगारांनाही ते दार उघडे ठेवा. पहिले तीन महिने देखरेखीखाली, मग घरी, आणि महिन्यातून एकदा पुन्हा त्याच तीस मीटरवर मोजणी.