माळरानाची नोंदवही



देवस्थानाच्या जमाखर्चात तेलवातीचा खर्चसुद्धा तारीखवार सापडतो. परंतु आपल्या निर्ण्याच्या शिवारात काळवीट शेवटचे केव्हा दिसले, असे विचारले तर "पूर्वी दिसत असत" एवढेच उत्तर मिळते. आयुष्यभर दप्तर सांभाळलेल्या माणसाचे अशा उत्तराने समाधान होत नाही.

हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, १९३१-३२ साली, सालिम अली यांनी त्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. तरीही मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापलेल्या त्या नोंदींशी आजची स्थिती ताडून पाहता येते.

दुसरे उदाहरण शेजारच्या सोलापूरचे. पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ साली नान्नजच्या माळावर माळढोक असल्याची नोंद केली. हा पक्षी सुमारे मीटरभर उंच. मादी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. त्याला समोरचे नीट दिसत नाही; म्हणून उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो. १९७९ साली तेथे अभयारण्य झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावेच्या गावे आली, जमिनीचे व्यवहार अडले, शेतकरी चिडले. त्यांचा राग मला तरी अनाठायी वाटत नाही. पुढे क्षेत्र पुष्कळ कमी केले. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

मग नोंदीने काय साधले, असे कोणी विचारील. निदान काय गेले, कोठून गेले आणि केव्हा गेले, हे तरी कागदावर राहिले. आपल्या माळाबद्दल तेवढेही सांगता येणार नाही. येथे पडीक रान वर्षागणिक तुरीखाली जात आहे, आणि लांडगा पाहिलेली पिढी थकत चालली आहे.

यास्तव देवस्थानच्या कार्यालयात एक वही असावी. तीत तारीख, वेळ, शिवाराचे नाव, प्राण्यांची संख्या व पाहणाराचे नाव लिहावे. लांडगा की कोल्हा अशी शंका असल्यास शंका म्हणूनच लिहावे. ऐकीव गोष्टींसाठी निराळी पाने ठेवावीत. घरट्याची जागा मात्र चारचौघांत वाचून दाखवू नये. शिकाऱ्यांनाही कान असतात.

वही मी बांधून आणली आहे. पाने आखलेली आहेत. सभा संपताच ती चिटणिसांच्या हवाली करतो.